झाडाला क्रेडिट, माणसाला काय?

हवेचा बाजार भरतो, असे आपल्या आयाबायांना सांगितले तर त्या हसतील. परंतु हा बाजार आता कायद्याने उभा राहिला आहे. २८ जून २०२३ रोजी केंद्र सरकारने कार्बन क्रेडिट व्यापार योजना जाहीर केली. सिमेंट, ॲल्युमिनियमसारख्या उद्योगांना कर्बवायूची मर्यादा ठरवून द्यायची. मर्यादेच्या आत राहणाऱ्याला प्रमाणपत्र मिळेल, ओलांडणाऱ्याने ते विकत घ्यायचे. एक प्रमाणपत्र म्हणजे एक टन कर्बवायू. त्याच वर्षी डिसेंबरात दुरुस्ती झाली आणि असे बंधन नसलेल्यांनाही प्रकल्प नोंदवून प्रमाणपत्रे मिळवण्याची वाट खुली झाली. त्या वाटेने वनीकरणही या बाजारात आले.

आपला प्रश्न येथेच सुरू होतो. झाड हवेत उगवत नाही, त्याला जमीन लागते. ती जमीन कोणाची?

ऑक्टोबर २०२३ च्या ग्रीन क्रेडिट नियमांत याचे उत्तर दिसते. वनखात्याच्या ताब्यातील विरळ जंगल, झुडपी जंगल, पडीक जमीन निवडायची आणि तेथे पैसे भरणाऱ्या कंपनीच्या नावे झाडे लावायची. याच कामाला पुढे कार्बन क्रेडिटही मिळू शकते. परंतु सरकारी कागदावर जे पडीक असते, तेथे कोणाची तरी शेळी चरते, कोणाची तरी आई सरपण गोळा करते. आज यादी वनखात्याच्या जमिनीची आहे. उद्या गायरानाचा नंबर लागणार नाही, याची हमी कोण देणार? गायराने सामाजिक वनीकरणाकडे देण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे.

सरकार म्हणेल, आम्ही हरकती व सूचना मागवल्या होत्या. होय, या नियमांच्या मसुद्यावर साठ दिवसांची मुदत होती. पण केंद्राचे राजपत्र निघते हिंदीत आणि इंग्रजीत. गडचिरोलीच्या पाड्यावर किंवा मराठवाड्यातल्या वस्तीवर ते कोणी वाचून दाखवले? ज्याला मसुदाच कळला नाही, त्याचे मौन ही संमती कशी ठरते?

न्यूझीलंडने २००८ सालीच वनीकरण अशा व्यापारात घेतले. २०२२ साली तेथील सरकारने पाइनसारख्या परदेशी झाडांची कायमस्वरूपी जंगले वगळण्याचा प्रस्ताव लोकांपुढे मांडला. आमच्या डोंगराळ जमिनीचे उत्पन्न बुडेल, अशी हरकत माओरी जमीनमालकांनी घेतली आणि त्या वर्षी प्रस्ताव बाजूला पडला. तो प्रस्ताव बरा की वाईट, हा वेगळा मुद्दा. जमीन ज्यांच्या नावावर होती, त्यांचा शब्द सरकारला ऐकावा लागला, हे महत्त्वाचे.

आपले दुखणे नेमके हेच आहे. सातबाऱ्यावर आपले नाव नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरील भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय राज्य सरकारने १९९१ साली घेतला. तरीही कित्येक कुटुंबे आजही 'अतिक्रमणधारक' म्हणूनच ओळखली जातात. वनहक्क कायदा २००६ साली आला. त्यात आदिवासी नसलेल्या वननिवासींना पंचाहत्तर वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्याला अक्षरओळखच नाकारली होती, त्याच्या आजोबाने कागद कोठून जपून ठेवायचा?

मात्र जेथे हक्क मिळाला तेथे चित्र वेगळे आहे. गडचिरोलीतील मेंढा लेखाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक वनहक्क मिळाला. तेथे जंगलाविषयी बोलायचे तर ग्रामसभेपुढे यावे लागते. खरी जनसुनावणी तीच.

महाडचे चवदार तळे नगरपालिकेने १९२४ सालीच ठरावाने खुले केले होते. ओंजळभर पाण्यासाठी मात्र २० मार्च १९२७ उजाडावे लागले. कागदावरचा हक्क स्वतः चालत येत नाही, हा बाबासाहेबांनी दिलेला धडा आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी पर्यावरण हा सुखवस्तूंचा विषय समजून सोडून देऊ नये. वनीकरणाचा प्रत्येक मसुदा मराठीत व गोंडी-कोरकूसारख्या बोलींत गावापर्यंत यावा, ग्रामसभेच्या ठरावाशिवाय जमीन घेऊ नये, प्रलंबित वनहक्क व गायरान दावे आधी निकाली काढावेत, आणि क्रेडिटच्या पैशात भूमिहीनाचा वाटा लेखी असावा, या मागण्या घेऊन पुढच्या ग्रामसभेत उभे राहा. झाडे जरूर लावा. पण ती कोणाच्या चुलीवर आणि कोणाच्या कसलेल्या तुकड्यावर उभी राहणार, हे विचारल्याशिवाय खड्डा खणू देऊ नका.