भिंतीवरची समिती
(कामाची जागा आणि कायदा : लेखांक ६)

गेल्या पावसाळ्यात भोसरीच्या एका कारखान्यात गेले होते. ऑफिसात शिरताना पाण्याच्या कूलरवर लॅमिनेट केलेला कागद दिसला. वर 'अंतर्गत समिती', खाली चार नावं आणि चार फोन नंबर. अध्यक्ष म्हणून ज्या बाईंचं नाव होतं, त्या दोन वर्षांपूर्वीच नोकरी सोडून नाशिकला गेलेल्या. बाहेरच्या सदस्याचा नंबर लावला, तर बंद. तिसरं नाव पॅकिंगमधल्या एका ताईंचं होतं. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "मॅडम, एचआरवाल्यांनी सही घेतली होती. कशाची ते काही सांगितलं नाही."

मालक मनाने चांगले. म्हणाले, "आमच्याकडे सगळे घरच्यासारखे राहतात." हे वाक्य मी कितीतरी कारखान्यांत ऐकलंय आणि दर वेळी मला काळजी वाटते. तक्रार घेऊन आलेल्या मुलीला घरात काय सांगतात, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या ज्या कायद्याखाली तो कागद लावायचा असतो, त्याची सुरुवात राजस्थानात झाली. १९९२ मध्ये बालविवाह रोखायला निघालेल्या भंवरी देवी या साथिनीवर, म्हणजे गावपातळीवरच्या महिला कार्यकर्तीवर, सामूहिक बलात्कार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा 'विशाखा' निकाल आला आणि अशा समित्या नेमणं भाग पडलं. म्हणूनच आपल्या सरकारी कचेऱ्यांत आजही 'विशाखा समिती' असंच म्हणतात. मग २०१३ मध्ये कायदा झाला आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरला तो लागू झाला.

दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील, तर समिती हवीच. इथे दोन गैरसमज मला सारखे भेटतात. पहिला, "ती माणसं ठेकेदाराची, आमची नाहीत." कायद्याच्या व्याख्येत ठेक्यावरचे, रोजंदारीवरचे, शिकाऊ असे सगळेच येतात. दुसरा, "आमच्याकडे बायकाच नाहीत." पण तक्रार करणारी बाई तुमच्या पगारपत्रकावर असावी लागत नाही, माल घ्यायला आलेली ग्राहकही तक्रार करू शकते. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, एकूण सदस्यांत निम्म्या तरी स्त्रिया आणि एक सदस्य बाहेरचा, ही समितीची किमान रचना. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची. भोसरीच्या त्या कागदावरची मुदतही उलटून गेली होती.

समितीच नेमली नाही, तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड होतो. पुन्हा तीच चूक झाली तर दुप्पट, आणि परवाना जाण्यापर्यंत वेळ येऊ शकते. मालक मंडळी हा आकडा ऐकतात आणि मनात हिशेब मांडतात. मला मात्र दंडापेक्षा मोठा धोका दुसरीकडे दिसतो. तक्रार आल्यावर मालकाचा हात दोनपैकी एकीकडे वळतो. एकतर प्रकरण दाबायचं, नाहीतर रागाच्या भरात त्याच संध्याकाळी "त्याचा हिशेब करून टाका" म्हणायचं. दाबण्यातला अन्याय उघड दिसतो. दुसऱ्या प्रकारात मालकाला वाटतं, आपण बाईच्या बाजूने उभे राहिलो. प्रत्यक्षात तिचं प्रकरण त्याच संध्याकाळी कमजोर झालेलं असतं.

गोवा विद्यापीठातलं प्रकरण या बाबतीत प्रत्येक मालकाने समजून घ्यावं. २००९ मध्ये विद्यार्थिनींनी एका प्राध्यापकाविरुद्ध तक्रारी केल्या. समितीने चौकशी भराभर उरकली. प्रकृतीच्या कारणाने त्याने मागितलेली मुदत नाकारून एकतर्फी कामकाज चालवलं आणि त्या अहवालावर त्याची नोकरी गेली. उच्च न्यायालयात ती कारवाई टिकली. पण १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं. आरोप खोटे आहेत असं न्यायालयाने म्हटलं नव्हतं. बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नाही, एवढाच मुद्दा होता. चौदा वर्षांनी पुन्हा चौकशी! त्या मुलींचा विचार मनात आला की मला आजही बेचैन व्हायला होतं.

म्हणून कारखान्याच्या लैंगिक छळविरोधी धोरणाच्या कागदात भारदस्त वाक्यांपेक्षा तारखा जास्त हव्यात. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. तक्रारीची प्रत समोरच्याला कामाच्या सात दिवसांत, त्याचं उत्तर कामाच्या दहा दिवसांत. चौकशी नव्वद दिवसांत, अहवाल पुढच्या दहा दिवसांत, आणि त्यावर मालकाची कारवाई साठ दिवसांत. सुनावणीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हवेत. वकील कोणाचाच नाही. एखादा पक्ष सबळ कारणाशिवाय सलग तीन तारखांना आला नाही, तरच एकतर्फी निर्णय, तोही पंधरा दिवसांची लेखी सूचना देऊन. प्रत्येक पोच, प्रत्येक तारीख, प्रत्येक सही फाईलला लागली पाहिजे. उद्या कोर्टात मालकाच्या वतीने ती फाईलच बोलणार असते.

चौकशी चालू असताना तक्रारदार बाईची बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते, पण तिने मागितली तरच. तिला न विचारता दुसऱ्या शिफ्टला टाकणं ही शिक्षाच, आणि ती मी पुष्कळदा पाहिलीय. समझोताही तिच्या इच्छेनेच. त्यात पैशांची देवाणघेवाण चालत नाही. आणि आरोप सिद्ध झाला नाही एवढ्यावरून तो खोटा ठरत नाही. हे वाक्य धोरणात ठळक अक्षरांत छापावं असा माझा आग्रह असतो, कारण बायका गप्प बसतात त्या बहुतेक आपण खोट्या ठरू या भीतीने.

भोसरीत त्या दिवशी जुना कागद काढला. नवी समिती व्हायला तीन आठवडे गेले. बाहेरची सदस्य म्हणून येईल अशी, स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेतली बाई मिळायला वेळ लागला. पॅकिंगमधल्या ताईंना पुन्हा विचारलं. या वेळी त्यांनी कागद दोनदा वाचून घेतला आणि म्हणाल्या, "एखादीला लिहिता येत नसेल तर?" तक्रार लिहून घ्यायला मदत करणं समितीवर बंधनकारक आहे, असं सांगितलं. मग त्यांनी सही केली आणि स्वतःचा नंबर कागदावर स्वतःच्या हाताने, मोठ्या आकड्यांत लिहिला.

(पुढील आठवड्यात : नेमणूकपत्रात काय हवं, काय नको)