रस्त्यात थांबणाऱ्याला कायद्याचा आधार

राजवाड्यावर कोणी स्कूटरवरून घसरून पडला, तर त्याला उचलायला दहा हात पुढे येतात. एक जण गाडी बाजूला घेतो, दुसरा समोरच्या दुकानातून पाणी आणतो, तिसरा घरी फोन लावतो. तोच माणूस रात्री बायपासवर किंवा मानपूरच्या घाटात पडला, तर गाड्यांचा वेग जरा कमी होतो, काच बोटभर खाली येते आणि गाडी पुढे निघून जाते. दोन्हीकडची माणसे तीच, आपल्यातलीच. आम्हाला वाटते, फरक दयेचा नसून भीतीचा आहे. पोलीस आपल्यालाच धरतील, दवाखान्यात पैसे भरावे लागतील, मग कोर्टाच्या फेऱ्या कोणी मारायच्या?

ही भीती पूर्वी अगदीच निराधार नव्हती. आमच्या बँकेच्या दिवसांत खाते उघडायला ओळख देणाऱ्याची सही लागे. वर्षानुवर्षे शेजारी राहिलेली माणसेही ती एक सही करताना मागेपुढे पाहत. इथे तर अनोळखी जखमी, रक्त आणि पोलीस! ‘सेव्हलाइफ फाउंडेशन’ या संस्थेने २०१३ मध्ये केलेल्या पाहणीत १०० पैकी ७४ जणांनी गंभीर जखमीला मदत करण्याची शक्यता कमी असल्याचे सांगितले. त्यांतल्या बहुतेकांचे कारण पोलीस आणि कोर्ट हेच होते.

ही संस्था ज्या घटनेतून उभी राहिली, तीही अशीच. २००७ मध्ये दिल्लीत शाळेतून घरी निघालेल्या एका मुलाला वाहनाने उडवले. तो रस्त्यावर पडून राहिला, लोक जात-येत राहिले, आणि वेळेत कोणी दवाखान्यात नेले नाही म्हणून तो गेला. त्याचे नातलग पीयूष तिवारी यांनी पुढच्या वर्षी संस्था काढली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. तिच्यामुळे केंद्र सरकारने मे २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि ३० मार्च २०१६ रोजी न्यायालयाने त्या देशभर बंधनकारक केल्या. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४-क जोडले गेले आणि सप्टेंबर २०२० मध्ये त्याचे नियम आले. म्हणजे संरक्षण मिळून बरीच वर्षे झाली, पण घराघरांत अजून जुनीच समजूत चालू आहे.

आता प्रत्यक्षात काय बदलले ते पाहू. जखमीला रुग्णालयात पोहोचवणाऱ्याला तिथे अडवून ठेवता येत नाही. तो नातेवाईक नसेल तर नोंदणीचे किंवा भरतीचे पैसे त्याच्याकडे मागता येत नाहीत. नाव, पत्ता, फोन सांगायची सक्ती नाही. सांगायचे की नाही हे त्याच्या मर्जीवर. त्याला हवे असेल तर आणून पोहोचवल्याची लेखी पावती रुग्णालयाकडून मागता येते. (बँकवाल्यांना पावतीचे महत्त्व वेगळे सांगायला नको.) हे हक्क सांगणारा फलक रुग्णालयाच्या प्रवेशद्वारी लावणे नियमाने आवश्यक आहे, खासगी रुग्णालयालाही. पुढच्या वेळी कुठल्याही रुग्णालयात गेलात तर तो आहे का, एवढे जरूर पाहा. डॉक्टरांचे म्हणाल, तर पोलिसांची कागदपत्रे होईपर्यंत थांबा, असे सांगून जखमीवरचे उपचार अडवता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केले आहे.

साक्षीदार व्हायचे का, हाही आपलाच निर्णय. होकार दिला तर पोलिसांनी आपल्या सोयीच्या जागी, घरी किंवा कामाच्या ठिकाणी, साध्या वेषात येऊन एकाच वेळेत जबाब पूर्ण करायचा असतो. आपली भाषा आणि तिथली भाषा वेगळी असेल तर दुभाष्याची सोय करणेही त्यांचेच काम. दक्षिणेकडे गाडीने यात्रेला जाणाऱ्या आपल्या मंडळींना हे माहीत असलेले बरे.

मदत करताना काही चूक झाली आणि जखमी दगावला तर? सद्भावनेने, स्वेच्छेने, बक्षिसाची अपेक्षा न ठेवता मदत करणाऱ्यावर त्यासाठी दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. मात्र हे कवच वाटेवरच्या तिऱ्हाइतासाठी आहे. ज्याच्या गाडीने अपघात झाला, त्याच्यावर जखमीला उपचार मिळवून देण्याची आणि पोलिसांना कळवण्याची जबाबदारी कायद्याने वेगळी टाकलेलीच आहे.

हे सगळे आपल्या दारातले आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. अपघातांच्या संख्येत तमिळनाडूनंतर आपल्या मध्य प्रदेशचा क्रमांक होता. त्याच वर्षी १८ जुलैला इंदूरहून अमळनेरला निघालेली महाराष्ट्राची एसटी खलघाटच्या पुलावरून नर्मदेत कोसळली आणि बारा जण गेले. खानदेशात माहेर किंवा सासर असलेल्या आपल्या किती घरांत त्या दिवशी फोनाफोनी झाली असेल!

थांबलात तर आधी स्वतःची गाडी रस्त्याच्या कडेला, अपघातापासून अंतर ठेवून लावा आणि चारही इंडिकेटर चालू करा. घाईत रस्त्याच्या मधोमध उभा राहिलेला मदतनीसच पुढच्या गाडीखाली येतो. मग ११२ किंवा १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. जागा सांगताना किलोमीटरचा दगड, ढाबा, टोलनाका अशी खूण सांगा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि सारखे उचलून पाहू नका. मान किंवा पाठ दुखावली असण्याची शक्यता असते, म्हणून आग वगैरेचा धोका नसेल तर ओढून बाहेर काढू नका. पाणी पाजू नका. आपल्याकडे पहिला हात पाण्याकडेच जातो, पण बेशुद्ध माणसाच्या श्वासनलिकेत ते जाऊ शकते, आणि शस्त्रक्रिया करावी लागली तर पोट रिकामे असलेले बरे. कायद्याने इजेनंतरचा पहिला तास मोलाचा मानला आहे. मानपूरहून निघून ‘एम.वाय.’च गाठायचे असा हट्ट धरला तर त्यातला बराचसा वाटेतच जाईल. जवळचे, अशा उपचारांची सोय असलेले रुग्णालय गाठावे.

सरकार अशा माणसाला ‘राहवीर’ म्हणते. बक्षीस २०२१ मध्ये ५,००० रुपये होते, २०२५ पासून २५,००० झाले आहे. एकीकडे अपेक्षा ठेवू नका म्हणणारा कायदा, दुसरीकडे बक्षीस, याची आम्हाला थोडी गंमत वाटते. त्यापेक्षा मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेली बिनरोकड उपचारांची योजना आम्हाला जास्त मोलाची वाटते. तिच्यात अपघातग्रस्ताला पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार पैसे न भरता मिळण्याची तरतूद आहे. “आधी पैसे भरा” म्हणणाऱ्या खिडकीशी या योजनेचे नाव घ्या.

एक काम मात्र आजच घरबसल्या होण्यासारखे आहे. आपला फोन कुलूपबंद असतानाही दिसेल असा घरच्या माणसाचा नंबर त्यात भरून ठेवा. ज्येष्ठांनी पाकिटात रक्तगट आणि चालू औषधांची चिठ्ठी ठेवावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असाल तर ते चिठ्ठीत सगळ्यांत वर लिहा.