आई गेली, चार मुलं घरात एकटी उरली आणि कुणालाच कळलं नाही! काय आहे ‘नोबडी नोज’मागची खरी गोष्ट?

टोकियोतल्या एका फ्लॅटमध्ये एक बाई आणि तिचा १२ वर्षांचा मुलगा राहायला येतात. घरमालकाशी ओळख होते, सामान वर चढवलं जातं. दार बंद झाल्यावर सुटकेस उघडतात आणि त्यातून दोन लहान मुलं बाहेर येतात. आणखी एका मुलीला नंतर गुपचूप घरात आणलं जातं. मग आई नियम सांगते: मोठ्यानं बोलायचं नाही, घराबाहेर पडायचं नाही.

२००४ साली आलेला जपानी सिनेमा ‘नोबडी नोज’ असा सुरू होतो. दिग्दर्शक आहेत हिरोकाझू कोरे-एदा, ज्यांच्या ‘शॉपलिफ्टर्स’ला २०१८ मध्ये कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

(पुढे सिनेमाचा शेवट सांगितला आहे.)

सिनेमात काय घडतं?

आई थोडे पैसे आणि एक चिठ्ठी ठेवून निघून जाते. काही दिवसांनी भेटवस्तू घेऊन परत येते, पुन्हा जाते. ख्रिसमसला येईन म्हणते, पण येत नाही. थोरला अकिरा पैशांचा हिशोब ठेवतो, स्वयंपाक करतो, तीन भावंडांना सांभाळतो. पैसे संपतात, मग वीज आणि पाणी तुटतं. मुलं बागेतल्या नळावर कपडे धुतात. दुकानातला एक कर्मचारी उरलेलं खाणं त्यांना देतो. शेवटी सगळ्यात धाकटी युकी खुर्चीवरून पडते आणि दगावते.

खरी घटना काय होती?

कोरे-एदांना ही कल्पना १९८८ मध्ये टोकियोच्या सुगामो भागात उघडकीस आलेल्या प्रकरणावरून सुचली. आई १४ वर्षांच्या मुलावर धाकट्या बहिणींना सोपवून निघून गेली होती. अनेक महिने ही मुलं एकटीच राहत होती. घरमालकामुळे प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं, तोवर सर्वात धाकट्या मुलीचा मृत्यू झाला होता. प्रत्यक्षात तिचा जीव थोरल्याच्या मित्रांच्या मारहाणीत गेला होता. सिनेमात तो अपघात दाखवलाय.

कुणालाच कसं कळलं नाही?

कारण मुलांच्या जन्माची नोंदच नव्हती. नोंद नाही म्हणून शाळेत प्रवेशाची सूचना आली नाही. शाळा नाही म्हणून पटावर नाव नाही, आणि गैरहजर का म्हणून विचारायला कुणी शिक्षकही नाही. सरकारी कागदावर ही मुलं अस्तित्वातच नव्हती.

पण सिनेमा इथे थांबत नाही. दुकानातल्या लोकांना अकिराचे मळके कपडे दिसतात. बागेत मुलं सगळ्यांसमोर पाणी भरतात. म्हणजे ती लोकांना दिसत होती, पण ‘घरी कोण असतं रे?’ याच्यापुढे कुणी गेलं नाही.

मग अकिरानं मदत का मागितली नाही?

दुकानातली एक मुलगी त्याला पोलीस किंवा बालकल्याण यंत्रणेकडे जायला सुचवते. तो नाही म्हणतो. कारण तसं केलं तर चौघांना एकत्र राहता येणार नाही, ही त्याला भीती आहे. सिनेमा सगळ्यात जास्त बोचतो तो इथे. ज्या यंत्रणेनं वाचवायचं, तीच आपलं घर मोडेल, असं या मुलाला वाटतं.

सिनेमा इतका खरा का वाटतो?

कोरे-एदा मूळचे माहितीपट करणारे. त्यांनी हे शूटिंग जवळपास वर्षभर, ऋतू बदलतील तसं केलं. त्यामुळे मुलांचे वाढलेले केस, अकिराची वाढलेली उंची, त्याचा बदललेला आवाज हे सगळं खरं आहे. मुलांच्या हातात पटकथा दिली नव्हती, संवाद सेटवरच सांगितले जायचे. अकिरा साकारणाऱ्या युया यागिराला वयाच्या १४ व्या वर्षी कानमध्ये सर्वोत्तम अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणारा तो सर्वात लहान अभिनेता ठरला.

आईला खलनायिका करणं सोपं होतं. कोरे-एदांनी ते टाळलंय. ती हसरी आहे, मुलांशी खेळते, त्यांचे केस विंचरते. म्हणूनच मुलं शेवटपर्यंत तिची वाट पाहतात.

आपल्या शेजारी असं मूल दिसलं तर?

भारतात १०९८ ही मुलांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे आणि ती चोवीस तास सुरू असते. फोन कुणीही करू शकतं, शेजारीसुद्धा. मुलाला कुठे ठेवायचं हे बालकल्याण समिती ठरवते. मूल सांभाळणं शक्य नसलेल्या पालकांनाही या समितीकडे जाता येतं. बाल न्याय कायद्यानुसार मूल समितीच्या स्वाधीन केल्यावर फेरविचारासाठी त्यांना दोन महिने मिळतात.

सिनेमाच्या नावाचा अर्थ ‘कुणालाच माहीत नाही’. पण तो पाहून झाल्यावर वाटतं, माहीत बऱ्याच जणांना होतं. फक्त दार कुणी वाजवलं नाही.