कॉर्ड बदलते तेव्हा

सकाळी साडेसहा. इतक्या लवकर अँप लावता येत नाही, गिटार नुसतीच मांडीवर. मेट्रोनोम 60 वर ठेवतो, पण त्याचा ठोका पहिल्या मात्रेवर न धरता दुसऱ्या आणि चौथ्यावर धरतो. म्हणजे लय 120 ची. स्विंग अंगात मुरवायला याच्यासारखा रियाज नाही.

सात. ए मधला बारा बारचा ब्लूज. चौथ्या तारेचा पाचवा फ्रेट आणि तिसऱ्या तारेचा सहावा, एवढंच दाबायचं. हे झाले जी आणि सी शार्प, ए सेव्हनचे सातवा आणि तिसरा सूर. दोन्ही बोटं एक फ्रेट मागे घेतली की एफ शार्प आणि सी, म्हणजे डी सेव्हन. मूळ जागेवरून एक फ्रेट पुढे नेली की जी शार्प आणि डी, म्हणजे ई सेव्हन. बेस नाही, ड्रम नाही, तरी दोन बोटांतून अख्खा ब्लूज ऐकू येतो. सोलो उभा राहतो तो याच सुरांवर.

दहा वाजता ऐकणं. सध्या वेस माँटगोमेरी, 1960 चा ‘द इन्क्रेडिबल जॅझ गिटार’ हा अल्बम. चार बार आधी गळ्यातून काढतो, मग गिटारवर, मग प्रत्येक सुराखाली तो त्या कॉर्डचा कितवा सूर हे लिहितो. वेसला नोटेशन वाचता येत नव्हतं, मग थिअरी कशाला, असं पुष्कळजण विचारतात. पण त्याची एखादी ओळ अशी मांडून बघा. कॉर्ड बदलली की त्याचा सूरही बदललेला असतो. कागदावरची थिअरी त्याच्या कानात होती. आपल्या कानात ती नसेल तर कागदावरून तिथवर न्यावी लागते.

दुपारी जेवण, नव्या तारा.

चार वाजता इंजिनिअरिंगचा एक मुलगा येतो. पाचव्या फ्रेटवरची मायनर पेंटॅटॉनिक तोंडपाठ, हात भलताच जलद. बॅकिंग ट्रॅक लावला. पाचवा बार आला, डी सेव्हन वाजली, आणि याचं पहिल्या बारमधलंच लिक चालू.

“अरे, थांब. आता फक्त पाचव्या बारची पहिली मात्रा. तिथे एफ शार्प नाहीतर सी. बाकी गप्प.”

“सर, एवढंच?”

एवढंच. समेवर यावं तसं त्या सुरावर यायचं. चार-पाच आवर्तनांनंतर तो स्वतःच हसायला लागला, कारण एका सुरात कॉर्ड बदललेली कळत होती. तो लहानपणी पेटी शिकलाय, म्हणून लगेच म्हणाला, “सर, ए षड्ज धरला तर सी म्हणजे कोमल गंधार. मग तो ए सेव्हनवर टोचतो आणि डी सेव्हनवर बसतो, असं का?” प्रश्न नेमका होता. रागात तानपुरा जागचा हलत नाही. इथे षड्ज तोच राहतो, पण खालची कॉर्ड सरकते. ए सेव्हनमध्ये शुद्ध गंधार आहे, म्हणून कोमल गंधार त्याच्याशी घासतो. डी सेव्हनचा तर तो स्वतःचाच सातवा सूर. मग ए सेव्हनवर तीच तार जराशी ओढायला लावली, सी आणि सी शार्पच्या मध्ये कुठेतरी. ब्लूजचा सगळा जीव त्या मधल्या जागेत आहे. फ्रेटवर ती सापडत नाही, बेंड करूनच मिळते.

सात ते आठ साउंडचेक.

साडेनऊला कार्यक्रम. पहिल्या कोरसमध्ये मी मोजकेच सूर घेतो, दुसऱ्यात दुहेरी सूर. बाराव्या बारला कीबोर्डवाल्याने ई सेव्हनच्या जागी बी फ्लॅट सेव्हन टाकली. बोटं हलवायची गरज नव्हती: जी शार्प आणि डी दोन्ही कॉर्डमध्ये आहेत, फक्त तिसरा-सातवा यांची अदलाबदल होते. बेसवाल्याने मात्र ते ऐकून लगेच बी फ्लॅट धरला, तिथून अर्ध्या सुराने ए वर उतरला, आणि आम्ही तिसरा कोरस घेतला.