बीट लाल, रक्तही लाल. पण नाते कुठले?

बीटचा लाल रंग आणि रक्ताचा लाल रंग यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. तरीही तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघाले की पहिला सल्ला ठरलेला: रोज बीट खा, रक्त वाढेल.

बीटला रंग देते ते बीटानिन हे रंगद्रव्य. त्यात लोह नसते. रक्ताला रंग येतो तो तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनमुळे, म्हणजे त्यातील लोहयुक्त ‘हीम’मुळे. बीटानिनपासून शरीर हिमोग्लोबिन बनवत नाही. बीट खाल्ल्यावर काहींची लघवी लालसर होते, ती याच रंगद्रव्यामुळे.

आता आकडे. १०० ग्रॅम बीटमध्ये लोह असते सुमारे ०.८ मिलिग्रॅम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागते. ते एकट्या बीटमधून मिळवायचे तर रोज साडेतीन किलोहून जास्त बीट खावे लागेल. कोशिंबिरीच्या वाटीत हे गणित बसत नाही.

माठ, राजगिरा अशा पालेभाज्यांत बीटपेक्षा कितीतरी अधिक लोह असते. मात्र वनस्पतिजन्य लोह शरीरात कमी शोषले जाते. जेवणात लिंबू पिळले तर शोषण वाढते. जेवणावर लगेच चहा घेतला तर घटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. अशा ठिकाणी लोहाच्या गोळ्या बाजूला ठेवून बीटच्या रसावर विसंबणे धोक्याचे आहे.

याचा अर्थ बीट निरुपयोगी आहे असा नाही. तांबड्या पेशी तयार होण्यासाठी लागणारे फोलेट त्यात चांगल्या प्रमाणात असते, आणि त्यातील नायट्रेटमुळे रक्तदाब थोडा उतरू शकतो. हे गुण खरे आहेत. फक्त ते रंगातून आलेले नाहीत.

भाज्यांबद्दल रूढ झालेले इतर काही समज:

गाजराने चष्म्याचा नंबर उतरतो: नाही. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने येणारा रातांधळेपणा गाजरातील बीटा-कॅरोटीनमुळे टळू शकतो. नंबर डोळ्याच्या ठेवणीवर ठरतो.

पांढऱ्या भाज्यांत काही नसते: फ्लॉवरमध्ये ‘क’ जीवनसत्त्व भरपूर असते.

हिरव्या भाज्यांत कॅरोटीन नसते: असते, हरितद्रव्याच्या गडद रंगाखाली ते दिसत नाही, एवढेच.

भाजी शिजवली की सत्त्व जाते: ‘क’ जीवनसत्त्व घटते हे खरे, पण टोमॅटोतील लायकोपीन आणि गाजरातील कॅरोटीन शिजवून, थोड्या तेलासोबत खाल्ल्यास अधिक शोषले जातात.

रंगीत भाज्यांऐवजी त्यांच्या सत्त्वाच्या गोळ्या चालतात: फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांवर पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले. बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिक आढळला.