खिशातला फोन आणि छातीतली कळ



फडातल्या माणसाला दुखणे सांगायला सवड नसते. तोडणीची टोळी दाराशी उभी, ट्रॅक्टर अड्ड्यात खोळंबलेला, विजेची पाळी रात्रीची. अशा वेळी छातीत कळ आली तरी आपला माणूस म्हणतो, "पित्त खवळलंय, जरा ओवा चावतो." घरची मंडळीही म्हणतात, "बरं, सकाळी बघू." बेणे, खते, ठिबक आणि खोडवा यांवर ह्या पानांतून पुष्कळ लिहून झाले. ह्या वेळी उसाऐवजी ऊस पिकवणाऱ्याच्या देहाबद्दल लिहावे असे आम्ही ठरवले. निमित्त आहे ते घरोघरी आलेल्या मोबाईलचे आणि त्याच्या पाठोपाठ गावात आलेल्या तपासणीच्या लहान-लहान यंत्रांचे.

आधी छातीच्या कळेचेच घेऊ, कारण त्यात घड्याळाशी गाठ असते. हृदय सर्व शरीराला रक्त पुरवते, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूलाही रक्त लागते आणि ते लहान नळ्यांतून येते. अशा एखाद्या नळीत रक्ताची गुठळी अडकली की पुढचा भाग कोरडा पडतो. चारीत गाळ अडकून शेवटच्या वाफ्याला पाणी पोचू नये, तसाच प्रकार. फरक एवढाच की वाफा दोन दिवस तग धरतो, हृदयाचा स्नायू मात्र काही मिनिटांतच मरू लागतो आणि तास उलटतील तसा अधिकाधिक भाग निकामी होतो. तोडलेला ऊस चोवीस तासांत गव्हाणीत पडला नाही तर वजन आणि उतारा दोन्ही घटतात, हे आपणांस कोणी शिकवायला नको. छातीचा हिशेब त्याहून कडक आहे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत मिळाले तर त्याचा गुण सर्वांत जास्त. बारा तासांनंतर त्याचा फारसा उपयोग राहत नाही.

मग अडचण कुठे होती? इंजेक्शन तालुक्याच्या रुग्णालयात ठेवता येते. पण ते प्रत्येक छातीदुखीला देऊन चालत नाही. काहींना त्याने रक्तस्राव होण्याचा धोका असतो आणि झटक्याचे काही प्रकार असे आहेत की त्यात ते द्यायचेच नसते. कोणाला द्यावे हे ठरवण्यासाठी ईसीजी, म्हणजे हृदयाच्या विजेचा आलेख, काढून तो जाणकाराने वाचावा लागतो. जाणकार असायचा पुण्यात नाहीतर कोल्हापुरात. रोगी त्याच्याकडे न्यायचा म्हणजे रस्त्यातच घड्याळ संपायचे. आता रोगी जागेवर राहतो आणि आलेख प्रवास करतो. छातीवर सहा व हातापायांवर चार अशी दहा टोके लावून काढलेला आलेख मोबाईलच्या जाळ्यातून तज्ज्ञाकडे जातो आणि काही मिनिटांत उत्तर येते: द्या, देऊ नका, किंवा लगेच मोठ्या रुग्णालयात हलवा. एक मोठे रुग्णालय मध्यभागी आणि भोवती लहान रुग्णालये, अशी ही रचना तामिळनाडूत आधी तपासून पाहिली गेली. आपल्या राज्य शासनानेही २०२१ पासून काही जिल्ह्यांत त्याच धर्तीचे काम हाती घेतले.

गंमत म्हणजे ही कल्पना मोबाईलवाल्यांची नव्हेच. हॉलंडमधल्या लायडन गावी विलेम आइंटहोवेन नावाचे प्राध्यापक होते. हृदयाचा आलेख काढणारे त्यांचे यंत्र सुमारे २७० किलो वजनाचे होते आणि ते चालवायला पाच माणसे लागत. रोग्याने दोन्ही हात व एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसायचे. इतके अवजड यंत्र रुग्णालयात नेणे शक्य नव्हते आणि आजारी माणसाला प्रयोगशाळेत आणणेही बरे नव्हते. तेव्हा १९०५ साली त्यांनी रुग्णालयापासून प्रयोगशाळेपर्यंत, सुमारे दीड किलोमीटर, टेलिफोनच्या तारेतून रोग्याच्या हृदयाचा आलेख आणला. पुढे १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जी गोष्ट तारेवरून एकशेवीस वर्षांपूर्वी झाली ती आपल्या तालुक्यात यायला इतका काळ लागला, ह्यात यंत्राचा दोष किती आणि व्यवस्थेचा किती, हे सभासदांनीच ठरवावे.

हे सगळे खरे असले तरी माणूस दवाखान्यात वेळेवर गेला तर! यंत्राने वाचवलेला तास ओवा चावण्यात गेला तर यंत्र काय करणार? छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात ओढ, दरदरून घाम, जीव घाबरा होणे, अशी लक्षणे पंधरा-वीस मिनिटे टिकली तर पित्त समजून बसू नये. बायकांना व साखर लागलेल्यांना पुष्कळदा कळ येतच नाही, नुसता दम लागतो नाहीतर थकवा आणि मळमळ होते. मोटारसायकलवर मधे बसवून नेण्यापेक्षा १०८ ला फोन लावावा. ही सेवा राज्यात २०१४ पासून आहे. फोन लागला की गावाच्या नावाबरोबर गट, वस्ती आणि जवळची खूण सांगावी. "पाटलाच्या मळ्यात" एवढ्यावर गाडी येत नाही, कारण पाटलाचे मळे प्रत्येक गावात चार!

आता साखरेकडे वळू. आपण साखर कारखान्याचे सभासद, त्यामुळे हा शब्द उच्चारताना थोडे अवघडल्यासारखे होते खरे. पण २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर, असा अंदाज निघाला. पूर्वी साखर तपासायची म्हणजे तालुक्याला उपाशीपोटी जायचे आणि अहवालाला दुसरा हेलपाटा. आता बोटाला टोचून थेंबभर रक्त पट्टीवर घेतले की काही सेकंदांत आकडा दिसतो. दंडाला चिकटवायची बटणाएवढी चकतीही निघाली आहे. ती दहा-पंधरा दिवस दर काही मिनिटांनी आकडा मोबाईलवर पाठवत राहते. इन्शुलिन घेणाऱ्याला तिचा मोठा आधार आहे, पण खर्च पाहता ती घरोघरी जाईल असे आज तरी दिसत नाही.

बोट टोचण्याच्या यंत्राबाबत आपल्या भागातल्या लोकांनी एक गोष्ट मुद्दाम ध्यानात घ्यावी. उसाचे कांडे सोलून खाल्ले, रस प्यायला, गुऱ्हाळावर गूळ चाखला आणि त्याच हाताने तपासणी केली, तर बोटावर राहिलेली साखर थेंबात मिसळते आणि आकडा भलताच वाढलेला दिसतो. तो पाहून कोणी गोळी किंवा इन्शुलिन वाढवले तर खरी साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. म्हणून आधी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत, मगच टोचावे. पट्ट्यांच्या डबीचे झाकण उघडे ठेवू नये, पट्टीला दमट हवा सोसत नाही. मुदत संपलेल्या पट्ट्या स्वस्तात मिळाल्या तरी घेऊ नयेत.

रक्तदाबाच्या यंत्राचेही तसेच. शेतातून आल्या-आल्या, वर गरम चहा आणि तंबाखूचा बार भरून दाब मोजला तर तो चढलेलाच दिसणार. पाच मिनिटे पाठ टेकून बसावे, पट्टा उघड्या दंडावर बांधावा, दंड छातीच्या पातळीला असावा, बोलू नये. दोनदा मोजून तारखेसह वहीत टिपावे. एका आकड्यापेक्षा महिन्याभराच्या टिपणाने डॉक्टरांना जास्त कळते.

बोटाला लावायचा ऑक्सिजनचा चिमटा तर २०२० व २०२१ च्या साथीत आपण सर्वांनीच पाहिला. लाल व अवरक्त प्रकाश बोटातून आरपार जातो आणि रक्तात प्राणवायू किती त्याप्रमाणे कमी-जास्त शोषला जातो. ही युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी ह्या अभियंत्याने १९७४ साली शोधली. त्या दिवसांत आशाताई हाच चिमटा घेऊन दारोदार फिरल्या. मात्र त्याचीही मर्यादा आहे. बोट गार असेल, नखाला रंग असेल तर आकडा चुकतो. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०२० च्या डिसेंबरात दाखवून दिले की काळ्या वर्णाच्या रोग्यांत तो खरी कमतरता अधिक वेळा लपवतो. उन्हात राबणाऱ्या आपल्या सावळ्या मंडळींनी म्हणूनच आकडा चांगला दिसला तरी दम लागत असेल तर दमावर विश्वास ठेवावा.

मनगटावरच्या घड्याळांबद्दल हल्ली तरुण सभासद विचारतात. काही घड्याळे नाडीची अनियमितता पकडतात, हे खरे. पण त्यांचा ईसीजी एकाच बाजूने पाहिलेला असतो, त्यावरून हृदयविकाराचा झटका नाही असे म्हणता येत नाही. आणि न टोचता साखर सांगणारे घड्याळ किंवा अंगठी कोणी विकायला आणली तर सरळ वाट दाखवावी. अशा वस्तू वापरू नयेत असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४ च्या फेब्रुवारीत दिला आहे.

फोनवरून डॉक्टरांचा सल्ला घेणे आता नियमात बसते. केंद्र शासनाने २५ मार्च २०२० रोजी त्याचे नियम ठरवून दिले. शासनाच्या ई-संजीवनी सेवेत उपकेंद्रावरचे आरोग्य अधिकारी रोग्याला समोर बसवून दूरच्या डॉक्टरांशी पडद्यावर गाठ घालून देतात. २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत देशात असे १० कोटी सल्ले दिले गेले होते. जुन्या दुखण्याची औषधे चालू ठेवणे, अंगावरची खाज, बाळंतिणीची शंका यासाठी ही सोय उत्तम. पोटात गोळा उठला, साप चावला, ताप डोक्यात गेला तर फोन फक्त गाडी बोलावण्यासाठी वापरावा.

यंत्र कोणाच्या हाती जाते यावर पुष्कळ अवलंबून असते, हे आपल्या ऊसपट्ट्याइतके कोणाला ठाऊक? सोनोग्राफीचे यंत्र आईच्या आणि बाळाच्या जिवासाठी आले. आपण त्याचे काय केले? गर्भलिंग तपासणीला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ सालीच केला. तरीही २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे ८३९ च मुली उरल्या होत्या. सबंध राज्याचा आकडा २००१ साली ९१३ होता, तो २०११ साली ८९४ वर आला. पाण्याखालचे क्षेत्र वाढले, बंगले झाले आणि मुली घटल्या. आता सोनोग्राफीचे यंत्र पिशवीत मावेल इतके लहान झाले आहे. ते कायद्याच्या नोंदीशिवाय गावात फिरताना दिसले तर गप्प बसणारा तेवढाच दोषी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शेवटी ज्यांच्या कोयत्यावर आपला हंगाम उभा राहतो त्या तोडणी मजुरांविषयी. ही मंडळी सहा महिने गाव सोडून आपल्या फडात येतात आणि त्यांचे दवाखान्याचे कागद गावी पत्र्याच्या पेटीत राहतात. गरोदर बाईचे रक्त किती, धनुर्वाताची सुई झाली का, म्हाताऱ्याला कोणती गोळी चालू आहे, काहीच सांगता येत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला आणि चौकशी समिती नेमली गेली. पिशवी काढायची का, हे दुसऱ्या एखाद्या डॉक्टरला विचारायची सोय त्या बायांना नव्हती. बुडालेल्या खाड्याचा दंड मात्र डोक्यावर होता. आज कोपीतही फोन आहे. चौदा आकडी आभा क्रमांक काढला तर नोंदी त्यावर जोडता येतात, आणि तेही जमले नाही तर प्रत्येक कागदाचा फोटो काढून ठेवता येतो.

म्हणून शेतकी खात्यास व गटकार्यालयांस आमची सूचना अशी. टोळी उतरते त्याच दिवशी मुकादमाकडून नुसती कोयत्यांची संख्या न घेता गरोदर बाया, लहान मुले, दाब व साखरेची औषधे घेणारी माणसे यांचीही यादी घ्यावी आणि ती उपकेंद्राच्या ताईंना द्यावी. गाडी अड्ड्यावर व वजनकाट्याशेजारी पाटी लावावी. तीवर १०८ हा क्रमांक, ईसीजी काढून गुठळीचे इंजेक्शन देण्याची सोय असलेल्या सर्वांत जवळच्या रुग्णालयाचे नाव व तिथला रात्री उचलला जाणारा फोन नंबर लिहावा. पाटी लावण्यापूर्वी तो नंबर एकदा रात्री दोन वाजता लावून पाहावा.