पडद्याची लुकलुक आणि पांढरपेशाचे डोळे

खर्डेघाशीने कारकुनाचे डोळे जातात, अशी एके काळी समजूत होती. ती कितपत शास्त्रशुद्ध होती हा प्रश्न वेगळा. पण मिणमिणत्या दिव्याखाली रोजकीर्द लिहिणाऱ्या कारकुनाला किंवा रात्री जागून उत्तरपत्रिका तपासणाऱ्या मास्तरांना चष्मा लागला, तर त्याचे कोणाला नवल वाटत नसे. आज खर्डे गेले, रोजकीर्द गेली आणि त्यांच्या जागी पडदा आला. शिक्षकाचा पगार ‘शालार्थ’ प्रणालीतून निघतो, विद्यार्थ्यांची नोंद ‘सरल’मध्ये करावी लागते, शासकीय कर्मचाऱ्याचे वेतन देयक ‘सेवार्थ’मधून जाते. अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्र या अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी राज्यात घेतली जाणारी सामायिक परीक्षाही २०१९ पासून संगणकावरच द्यावी लागते. तेव्हा पडद्याकडे पाहणे ही आता हौस राहिलेली नाही. ती पोटाची आणि परीक्षेची गरज झाली आहे. ‘मोबाईल कमी पाहत जा’ हा घरोघरी दिला जाणारा सल्ला म्हणूनच अपुरा पडतो. ज्याला पाहणे टाळताच येत नाही, त्याने निदान कोणत्या पडद्याकडे पाहावे, हे त्याला कोणी सांगणार आहे की नाही?

प्रस्तुत लेखकाला हा प्रश्न पडला तो स्वानुभवातून. दोन वर्षांपूर्वी जुना फोन निकालात काढून अधिक किमतीचा नवा फोन घेतला. चित्र सुरेख, रंग झगझगीत. पण आठवडाभरातच रात्रीच्या वाचनानंतर डोळ्यांच्या मागे ठणका लागू लागला, कपाळ जड होऊ लागले. नेत्रतज्ज्ञांनी तपासून नंबर बदललेला नाही, डोळे निकोप आहेत, असा निर्वाळा दिला. चष्म्याच्या दुकानदाराने निळा प्रकाश अडवणाऱ्या काचा गळ्यात मारल्या. त्यांनी खिसा हलका झाला, डोके मात्र हलके झाले नाही. शेवटी कंटाळून कपाटातला जुना फोन पुन्हा वापरायला काढला, आणि दोन दिवसांत दुखणे थांबले. डोळे तेच, वाचन तेच, वेळही तीच. फरक होता तो केवळ पडद्याचा.

हा फरक काय, हे समजून घेणे अवघड नाही. नळाची धार कमी करायची असेल तर दोन मार्ग आहेत. तोटी अर्धी बंद करावी, हा एक. किंवा तोटी पूर्ण उघडावी, पूर्ण बंद करावी, पुन्हा उघडावी, आणि हे इतक्या झपाट्याने करीत राहावे की बादलीत पडणारे पाणी निम्मे होईल, हा दुसरा. पडद्याचा उजेड कमी करण्याचेही हेच दोन मार्ग आहेत. पहिल्यात विद्युतप्रवाह कमी केला जातो. दुसऱ्यात प्रवाह तसाच ठेवून उजेड सेकंदाला शेकडो वेळा विझवला आणि पेटवला जातो. याला ‘पल्स विड्थ मॉड्युलेशन’ म्हणतात. आजच्या बहुतेक महागड्या फोनांत ‘ओलेड’ जातीचे पडदे असतात, आणि त्यांत हा दुसरा मार्ग सर्रास अवलंबिला जातो. कारण असे की, या पडद्यांत प्रवाह फार कमी केला तर रंग बिघडतात आणि चित्र डागाळल्यासारखे दिसते. म्हणजे चित्राची शोभा राखण्यासाठी लुकलुक पत्करली जाते. यातली विसंगती अशी, की रात्री डोळ्यांना आराम मिळावा म्हणून आपण उजेड मंद करतो, तेव्हाच विझलेला काळ वाढतो आणि लुकलुक अधिक तीव्र होते.

ही लुकलुक आपल्याला दिसत नाही. मग तिचा त्रास कसा होईल, असे कोणी विचारील. याचे उत्तर कचेऱ्यांतल्या जुन्या ट्यूबलाइटने दिलेले आहे. आपल्याकडे विजेची वारंवारता सेकंदाला ५० आवर्तनांची. त्यामुळे जुन्या पद्धतीचा चोक असलेली ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. लेथवर काम करणाऱ्या कामगारांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. अशा ट्यूबच्या उजेडात फिरते चाक थांबल्यासारखे किंवा उलटे फिरल्यासारखे भासते, आणि म्हणून यंत्राजवळ साधा बल्ब लावण्याची पद्धत होती. ब्रिटनमध्येही विजेची वारंवारता तीच आहे. तेथील कार्यालयीन कर्मचाऱ्यांची पाहणी अर्नोल्ड विल्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. कोणत्या खोलीत कोणत्या जातीची ट्यूब आहे हे कर्मचाऱ्यांना कळू न देता तुलना केली गेली. सेकंदाला हजारो आवर्तने करणाऱ्या नव्या चोकच्या ट्यूबखाली डोकेदुखी आणि डोळ्यांचा शीण यांचे सरासरी प्रमाण निम्म्याहून कमी झाले. डोळ्याला न दिसणारी लुकलुक मेंदूला जाणवते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

फोनच्या बाबतीत आकडे काय सांगतात? अनेक ओलेड फोनांत ही लुकलुक सेकंदाला सुमारे २४० वेळा, तर काहींत ४८० वेळा होते. अमेरिकेतील ‘आयईईई’ या अभियंत्यांच्या संस्थेने २०१५ मध्ये एलईडी दिव्यांसाठी शिफारशी केल्या. पूर्ण विझून पेटणारा दिवा सेकंदाला १२५० पेक्षा अधिक वेळा लुकलुकत असेल तर धोका अल्प आणि ३००० च्या पुढे नगण्य, असा त्यांचा आशय आहे. शिफारस दिव्यांसाठी असली, तरी दिवा पाहणारा आणि पडदा पाहणारा डोळा एकच असतो. २०२२-२३ च्या सुमारास काही उत्पादकांनी १९२० आणि ३८४० आवर्तनांचे फोन बाजारात आणले, त्याअर्थी हे तंत्रज्ञानाला अशक्य नाही.

निळ्या काचांचा व्यापार

येथे दोन गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. खोक्यावर ठळकपणे छापलेला ‘१२० हर्ट्झ’ हा आकडा या लुकलुकीचा नव्हे. चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने रेखाटले जाते, एवढेच तो सांगतो. उजेड किती वेळा विझतो हे खोक्यावर सहसा छापलेलेच नसते. दुसरा गैरसमज निळ्या प्रकाशाचा. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांविषयीच्या १७ चाचण्यांचा आढावा ‘कॉक्रेन’ या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. साध्या काचांच्या तुलनेत या काचांनी संगणकावर काम करणाऱ्यांचा डोळ्यांचा शीण, निदान अल्प मुदतीत, बहुधा कमी होत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. दुखणे एकीकडे आणि औषध भलतीकडे, असा हा प्रकार आहे. आणि त्याचे पैसे मात्र ग्राहकाच्या खिशातून जातात.

अर्थात सगळा दोष लुकलुकीच्या माथी मारणे हाही अतिरेक होईल. ती सर्वांनाच बाधते असे नाही; ज्यांना बाधते त्यांना मात्र ती फार बाधते. डोळ्यांच्या शिणाची इतर कारणे अधिक सर्वसाधारण आहेत. माणूस एरवी मिनिटाला सुमारे पंधरा वेळा पापण्या मिटतो. पडद्यात डोके घातले की हे प्रमाण निम्म्यावर, कधी त्याहूनही खाली येते आणि डोळे कोरडे पडतात. चाळिशीनंतर जवळचे पाहण्याची शक्ती कमी होते. तेव्हा केवळ वाचनासाठी केलेला चष्मा हातभर अंतरावरच्या संगणकाला जुळेलच असे नाही. ही तक्रार नेत्रतज्ज्ञांना स्पष्टपणे सांगून संगणकाच्या अंतराचा वेगळा नंबर काढून घेतलेला बरा. पडदा हातभर लांब आणि डोळ्यांच्या पातळीच्या किंचित खाली असावा, खिडकीचा उजेड त्यावर परावर्तित होऊ नये, आणि दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडील वस्तूकडे वीस सेकंद पाहावे, हे नियम साधे असले तरी उपयोगी आहेत. सर्व पथ्ये पाळूनही एका पडद्यावर डोके दुखते आणि दुसऱ्यावर दुखत नाही, असा अनुभव आला तर मात्र पडद्याकडेच संशयाने पाहावे.

त्याची परीक्षा घरच्या घरी करता येते. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर पांढरे पान उघडावे, उजेड मंद करावा आणि पडद्यासमोर पेन्सिल झपाट्याने हलवावी. पडदा स्थिर असेल तर पेन्सिलीचा सलग पुसट पट्टा दिसतो. लुकलुकत असेल तर अनेक सुट्या पेन्सिली दिसतात. दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्याचा शटर वेग वाढवून पडद्याकडे रोखला, तरी काळे पट्टे सरकताना दिसतात. नवा फोन घेण्यापूर्वी दुकानात ही परीक्षा अवश्य करावी. एलसीडी जातीचे अनेक पडदे, स्वस्त असूनही, प्रवाह कमी करून मंद होतात. त्यामुळे महाग ते डोळ्यांना सुखद, हे समीकरण येथे लागू पडत नाही. असा फोन आधीच घेतला असेल, तर मुख्य उजेड फार खाली न आणता सेटिंगमधील ‘एक्स्ट्रा डिम’ किंवा ‘रिड्यूस व्हाइट पॉइंट’ यांसारख्या सोयींनी चित्र काळवंडून घ्यावे. पुष्कळांना त्याने उतार पडतो. केवळ दीर्घ वाचनच करायचे असेल, तर इलेक्ट्रॉनिक शाईचे वाचनयंत्र उत्तम. कागदाप्रमाणे ते बाहेरच्या उजेडात वाचता येते. मात्र त्याच तंत्राचे संगणकाचे पडदे अजून सामान्य नोकरदाराच्या आवाक्यात नाहीत.

स्वीडिश कारकुनांचा धडा

येथवर जे सांगितले ते एकेकट्याने करायचे उपाय. पण प्रश्न एकेकट्याचा नाही. विकत घेणाऱ्याला जी गोष्ट दिसत नाही आणि विकणारा जी सांगत नाही, ती गोष्ट एकट्या ग्राहकाच्या चिकित्सेने सुधारत नसते. या बाबतीत स्वीडनचे उदाहरण मननीय आहे. १९८० नंतर तेथील कार्यालयांत संगणक आले, तेव्हा पडद्यांपासून होणाऱ्या त्रासाचा प्रश्न ‘टीसीओ’ या पांढरपेशा कर्मचाऱ्यांच्या महासंघाने हाती घेतला. पडदा डोळ्यांना त्रासदायक आहे, अशी नुसती निवेदने देऊन महासंघ थांबला नाही. चांगला पडदा कसा असावा याची मोजता येण्याजोगी कसोटी त्याने तयार केली, आणि १९९२ मध्ये त्या कसोटीला उतरणाऱ्या पडद्यांना आपले प्रमाणचिन्ह देण्यास प्रारंभ केला. मालक पडदे विकत घेताना ते चिन्ह मागू लागले आणि बघता बघता जगभरच्या उत्पादकांना त्याची दखल घ्यावी लागली. १९९९ च्या कसोटीने काचेच्या नळीच्या पडद्यांवरील चित्र सेकंदाला किमान ८५ वेळा रेखाटले जावे, अशी अट घातली. आपल्याकडच्या कचेऱ्यांतील जुन्या मॉनिटरच्या कोपऱ्यावर ‘टीसीओ’ अशी अक्षरे अनेकांनी पाहिली असतील. ती कोणा कंपनीची मुद्रा नव्हती, कर्मचाऱ्यांच्या एका संघटनेची होती, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

त्याच सुमारास, २९ मे १९९० रोजी, युरोपीय समुदायाने पडद्यावर काम करणाऱ्यांसाठी एक निर्देश काढला. पडद्यावरील चित्र स्थिर असावे, त्यात लुकलुक नसावी, कर्मचाऱ्याच्या डोळ्यांची तपासणी व्हावी आणि या कामासाठी खास चष्मा लागलाच तर त्याचा भार कर्मचाऱ्यावर पडू नये, अशा तरतुदी त्यात आहेत. २०२१ पासून तेथे एलईडी दिव्यांच्या लुकलुकीवरही मर्यादा आली आहे.

आपल्याकडे असे काही होणे अशक्य आहे काय? तसे वाटण्याचे कारण नाही. १ सप्टेंबर २०१२ पासून फोनच्या किरणोत्सर्जनावर किलोग्रॅममागे १.६ वॅटची मर्यादा आपल्याच शासनाने घातली. फोनवर *#०७# हे अंक दाबले की तो आकडा पाहता येतो. फ्रिज आणि पंखे किती वीज खातात हे ताऱ्यांच्या चिन्हावरून अडाण्यालाही कळते. मग पडदा सेकंदाला किती वेळा विझतो, हा एक आकडा खोक्यावर छापण्याची सक्ती करण्यात कोणती अडचण आहे? त्यासाठी कोणाला कारखाना बदलावा लागत नाही. उत्पादकाला जो आकडा ठाऊक आहेच, तो त्याने ग्राहकाला सांगायचा, एवढेच.

शासन हे केवळ नियम करणारे नाही, तर देशातील एक मोठे गिऱ्हाईकही आहे. शाळांसाठी संगणक, तलाठ्यांसाठी लॅपटॉप, विद्यार्थ्यांसाठी टॅब यांची खरेदी सार्वजनिक पैशातून होते. त्या निविदांत स्मृती किती, वेग किती, हमी किती वर्षांची, याच्या अटी असतात. त्यांतच ‘पडदा लुकलुकणारा नसावा’ अशी एक ओळ घातली, तर लक्षावधी डोळ्यांचा प्रश्न एका सहीने सुटू शकेल.

ती ओळ मागणार कोण, हा खरा प्रश्न आहे. महागाई भत्ता, निवृत्तिवेतन आणि बदल्या या मागण्या आपल्या शिक्षक-कर्मचारी संघटनांनी नेटाने लढवल्या आहेत, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या डोळ्यांच्या भरवशावर ही नोकरी चालते, त्यांचा उल्लेख मागण्यांच्या यादीत क्वचितच आढळतो. डोके दुखते म्हणून बाम चोळणारा कारकून आणि परीक्षेच्या आदल्या रात्री डोळ्यांवर पाणी मारणारा विद्यार्थी हे दोघेही आपल्याच प्रकृतीला दोष देत बसतात. स्वीडनच्या कारकुनांनी तो दोष प्रकृतीच्या खात्यावर न टाकता यंत्राच्या खात्यावर टाकला, त्याची मोजदाद केली आणि खरेदीदाराच्या हाती कसोटी दिली. आपल्या संघटनांनीही पुढच्या मागणीपत्रात या एका ओळीला जागा द्यावी. तिच्यासाठी संपाची गरज पडणार नाही. पण मागितल्यावाचून ती कोणी देणारही नाही.